माळ्यावर ठेवलेली सजावट दर वर्षी खराबच निघते: गुंता, मेलेले दिवे, कुबट वास, नेमकं कुठे चुकतं

सण संपला की सगळं उतरवायचं, खोक्यात कोंबायचं, माळ्यावर टाकायचं आणि पुढच्या वर्षी खोकं खाली घेतलं की त्यातून काय निघेल याचा नेम नाही. माझ्याकडे हे सलग चार वर्षं झालं. एका वर्षी माळांचा असा गोळा निघाला की सोडवता सोडवता रात्रीचे बारा वाजले, पुढच्या वर्षी कापडी झालरींना कुबट वास आणि काळे ठिपके, त्याच्या पुढच्या वर्षी बॅटरीवरचे छोटे दिवे सगळेच्या सगळे मेलेले. आणि दर वेळी माझा उपाय एकच, नवीन खोकं आणायचं. आधी मोठं आणलं, मग कप्प्यांचं, मग रबरी कडा असलेलं एकदम घट्ट झाकणाचं. खोकं नवीन, प्रॉब्लेम जुनाच.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सगळं जमिनीवर पसरून बसले आणि एकेक वस्तू हातात घेऊन बघितली की ही नक्की कशाने गेली. तेव्हा लक्षात आलं की बहुतेक वस्तूंचं नशीब उतरवायच्या दिवशीच ठरलेलं होतं, आपण शेवटी जो अर्धा तास घाई करतो ना, त्यात. ओलसर असताना भरली, सेल न काढता भरली, भलत्याच वस्तूला चिकटवून भरली, पुढचं काम माळ्यावरच्या अकरा महिन्यांनी केलं. म्हणून कुठलं खोकं चांगलं हे मी सांगत बसणार नाही, वस्तू कशी खराब निघाली त्यावरून कारण कसं ओळखायचं ते सांगते.

माळा नीट गुंडाळल्या होत्या, तरी गुंतल्या

ही तक्रार खरी असते, आपण खोटं बोलत नसतो. २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथले डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोघांनी यावर चक्क शोधनिबंध लिहिला. बंद डब्यात दोरी टाकायची, डबा गरागरा फिरवायचा आणि उघडून गाठ पडली का बघायचं, असं त्यांनी तब्बल ३४१५ वेळा केलं. डबा दर वेळी जेमतेम दहा सेकंद फिरायचा, पण तेवढ्यातही गाठी पडायच्या. ४६ सेंटीमीटरपेक्षा आखूड दोरीला जवळपास गाठ पडतच नव्हती, लांबी वाढवत नेली की गाठीची शक्यता वाढत वाढत साधारण निम्म्यावर येऊन थांबायची. २००८ मध्ये या कामाला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते.

आपल्या कामाचं त्यात असं आहे की गाठ मारतं ते मोकळं टोक. डबा हलला की टोक शेजारच्या वेढ्यांच्या वरून खालून जात राहतं, वेणी घातल्यासारखं, आणि झाली गाठ. डबा लहान असला आणि दोरीला हलायला जागाच नसली तर गाठी कमी पडतात हेही त्यांना दिसलं. आता आपली माळ बघा, दहा मीटर लांब, दोन मोकळी टोकं, वर जागोजागी बल्ब अडकायला तयार, आणि ती मोठ्या खोक्यात सैल टाकलेली. म्हणजे मी मोठं खोकं आणून स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता.

यातून दोनच गोष्टी करायच्या, टोकं बांधायची आणि हलायला जागा ठेवायची नाही. मी जाड पुठ्ठ्याचा साधारण वहीएवढा तुकडा घेते, दोन्ही बाजूंना कात्रीने खाच पाडते, माळेचं प्लगकडचं टोक शेवटी येईल अशा बेताने दुसऱ्या टोकापासून सुरुवात करते. प्लग वर राहिला की माळ न उलगडता लावून बघता येते, हा फायदा पुढे कळतो. आणि एक बारीक गोष्ट जी मला फार उशिरा कळली, गुंडाळताना पुठ्ठा फिरवायचा, वायर नाही. पुठ्ठा एका जागी धरून वायर त्याच्याभोवती फिरवली की प्रत्येक वेढ्याला वायरमध्ये एक पीळ पडतो, चाळीस वेढे म्हणजे चाळीस पीळ, मग उलगडताना ती वायर स्वतःहून वळवळते आणि कुरळी होऊन स्वतःलाच अडकते. कोपर आणि अंगठ्यामध्ये गुंडाळायची जी आपली सवय आहे त्यातही हेच होतं, त्यामुळे ती पद्धत दिसायला झटपट आहे पण मला आता अजिबात चालत नाही. उलगडतानाही पुठ्ठाच फिरवा.

बांधायला कापडाची चिंधी किंवा वेल्क्रोची पट्टी घ्या. रबर बँड नको, वर्षभराने तो एकतर कडक होऊन तुकडे पडतात नाहीतर वितळल्यासारखा होऊन वायरला चिकटतो. सेलोटेपचंही तेच, टेप निघून येते आणि गोंद मागे राहतो, मग त्याला चमकी, केस, धूळ, सगळं येऊन बसतं.

आणि आधीच गुंता झालेला असेल तर टोक धरून ओढू नका, ओढलं की आतली गाठ आवळते. गोळा जमिनीवर ठेवून चारी बाजूंनी नुसता सैल करत रहा, पसरवत रहा, मग ज्या टोकाला प्लग नाही ते टोक मोकळं करत आणा. दोऱ्याएवढ्या बारीक तांब्याच्या तारेच्या ज्या माळा असतात त्यांच्या बाबतीत तर फारच सांभाळून, त्या तारेला एकदा टोकदार मोड आली की तार तिथेच तुटते किंवा वरचा पातळ लेप खरवडला जातो आणि दोन तारा एकमेकींना टेकतात. तशी माळ मी सोडवायचा हट्ट धरत नाही, एका पुठ्ठ्यावर एकच माळ एवढं पाळलं की तशी वेळच येत नाही.

ठेवताना चालू होती, काढल्यावर अर्धीच लागते

पूर्ण माळ बंद असेल तर आधी प्लग, प्लगमध्ये छोटा फ्यूज असेल तर तो, आणि प्लगपाशीच वायर मोडली आहे का ते बघा. अर्धी किंवा पाव माळ बंद असेल तर गोष्ट वेगळी. थेट विजेवर चालणाऱ्या बऱ्याच माळांमध्ये दिवे गटागटाने एकापाठोपाठ जोडलेले असतात, म्हणजे एका गटातला एकच दिवा सुटला किंवा त्याची तार तुटली की तो सगळा गट अंधारात जातो आणि बाकीचे गट मजेत चालू राहतात. त्यामुळे वीस दिवे बंद दिसले तरी बहुतेक वेळा बिघाड एकाच ठिकाणी असतो. प्लग काढून ठेवा (हे लिहायला लागू नये पण लिहिते) आणि बंद पडलेल्या भागाचा एकेक दिवा बघत जा, बल्ब ओढून निघणारा असेल तर त्याच्या दोन बारीक तारा गंजल्यात का, मोडल्यात का, दिवा सॉकेटमध्ये तिरका बसलाय का. बल्ब निघत नसतील, सगळं एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेलं असेल, तर दिव्याच्या मुळाशी वायर हलवून बसू नका, ती माळ गेली असं समजा. वायर सोललेली दिसली तर टेप गुंडाळून परत लावायची नाही.

हे ठेवण्यामुळे कसं होतं? दिव्याच्या मुळाशी वायर जिथे आत शिरते ती जागा सगळ्यात नाजूक, आणि आपण माळ उतरवताना खिळ्यावरून एक एक मोकळी न करता खालून सर्रकन ओढतो. मीही ओढायचे. एकदा लेकीने ती ओढताना बघितलं आणि म्हणाली, "आई, तू ही काढतेयस का तोडतेयस गं?" तेव्हापासून स्टूल घेऊन चढते. दुसरं म्हणजे थंडीत ठेवलेली वायर कडक झालेली असते, खोकं खाली आणल्या आणल्या ती सरळ करायला गेलं की आवरणाला चिरा पडतात, घरातल्या हवेत तास दोन तास राहू द्या आणि मग उलगडा.

बॅटरीवरचे दिवे

इथे निदान अगदी सोपं आहे, सेल आतच राहिले. माझे आठ दिवे असे गेले. एक उघडला तर झाकणाच्या कडेने पांढरी पूड सांडली, आत स्प्रिंगवर निळसर हिरवट थर आलेला, आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं लावलं तर स्प्रिंग बिस्किटासारखी तुटून हातात आली. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, सेल उतरत उतरत आत वायू साठतो, दाब वाढतो, शेवटी ते बाहेर पाझरतं, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडबरोबर त्याची पांढरी भुकटी बनते. दिवा बंद आहे म्हणून सेल सुरक्षित आहे असं काही नसतं, आणि बऱ्याच स्वस्त दिव्यांमध्ये बटण अर्धवट दाबलं जाऊन तो खोक्यात कितीतरी दिवस चालूच राहतो.

हा पदार्थ कातडीला आणि डोळ्याला वाईट, त्यामुळे उघड्या हाताने खरवडू नका. हातमोजे घाला, सेल काढा, कानातल्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन थरावर लावा, फसफसेल, ते व्हायला हवंच, मग किंचित ओल्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. स्प्रिंग शाबूत असेल तर दिवा बहुतेक परत लागतो, माझ्या आठातले तीन लागले. थर सर्किटपर्यंत गेला असेल तर नाद सोडा.

बटण सेलचं वेगळं सांगते कारण ते जास्त गंभीर आहे. सीआर २०३२ सारखा तीन व्होल्टचा चपटा सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत गंभीर भाजतं. सजावट उतरवताना हे सेल टेबलावर, सोफ्यावर सुटे पडलेले असतात आणि आपलं लक्ष माळांकडे असतं. काढल्या काढल्या दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांच्या हाताला न लागणाऱ्या डब्यात टाका, आणि गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.

कुबट वास, ठिपके आणि ते घट्ट झाकणाचं खोकं

ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. दमट हवा आत जाऊ नये म्हणून घट्ट खोकं आणलं, सुती झालरींवर धूळ होती म्हणून ओल्या फडक्याने पुसून घेतल्या, तासभर पंख्याखाली टाकल्या, हाताला कोरड्या लागल्या, भरल्या, झाकण खट्ट करून लावलं आणि स्वतःची पाठ थोपटली. वर्षाने उघडलं तर झाकणाच्या आतून धुक्यासारखे बारीक थेंब, आणि सगळ्यात वरची झालर ज्या ठिकाणी झाकणाला टेकत होती बरोबर तिथे काळे ठिपके. खालच्या झालरींना ठिपके नव्हते, नुसता वास.

कारण असं की सुती कापड हाताला कोरडं लागतं तेव्हाही कोरडं नसतं. साध्या हवेतही एक किलो सुती कापडात ७० ते ८० ग्रॅम पाणी मुरलेलं असतं, हवा दमट असेल तर त्याहून जास्त. पॉलिएस्टरमध्ये ते नगण्य, किलोला चार पाच ग्रॅम. घट्ट खोक्यात हे पाणी अडकतं, दिवसा माळा तापला की कापडातून हवेत येतं, रात्री गार झालं की झाकणावर थेंब बनून बसतं आणि परत कापडावर ठिबकतं. बुरशीला हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली तरी पुरते. म्हणजे ओलं सामान असेल तर घट्ट झाकणापेक्षा फटी असलेलं साधं खोकं परवडलं, त्यातून निदान वाफ बाहेर जाते.

मग सगळे म्हणतात सिलिका जेलची पुडी टाक. टाका, पण हिशोब करून. सिलिका जेल फार तर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी धरतं, म्हणजे चपलांच्या खोक्यातून वाचवून ठेवलेली पाच ग्रॅमची पुडी दोन ग्रॅमसुद्धा पाणी घेणार नाही, आणि ती पुडी आधीच घरातल्या हवेत बसून पोट भरून आलेली असते. ७०-८० ग्रॅमपुढे ती काय करणार. काच, धातू, प्लास्टिक अशा वस्तूंच्या खोक्यात पुड्या कामाच्या आहेत, कापडाच्या खोक्यात कापड आधी वाळवणं हाच उपाय. कोरड्या, उन्हाच्या दिवशी दोन चार तास बाहेर, मग सावलीत गार होऊ द्यायचं आणि मगच भरायचं, गरम गरम भरलं की परत तेच. ज्या दिवशी पावसाळी हवा असेल त्या दिवशी सजावट उतरवा हवी तर, पण भरू नका, चार दिवस चादरीखाली पडून राहिली तर काही बिघडत नाही. घरात पसारा दिसतो म्हणून मलाही राहवत नाही, पण हे चार दिवस मी आता सोसते.

बुरशी आलीच असेल तर वस्तू घरात झटकू नका, बाहेर नेऊन, नाकातोंडाला मास्क लावून ब्रश करा, कापड धुण्याजोगं असेल तर धुऊन कडक उन्हात. पुठ्ठा आणि खळ लावलेला कागद असेल तर वाचवायच्या फंदात पडू नका. त्या खळीवर कसर आणि झुरळंही येतात, म्हणून दुकानातून आलेल्या मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यांचा मोह मी सोडला. डांबरगोळ्या टाकायच्या असतील तर फक्त कापडात, प्लास्टिकच्या आणि थर्माकोलच्या वस्तूंपासून लांब, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं.

वायर थर्माकोलला चिकटली

हे बघून मला आधी उंदरांचा संशय आला होता. थर्माकोलच्या पाटीवर एक हिरवी माळ ठेवली होती, वर्षाने उचलायला गेले तर उचलेचना, जोर लावला तर थर्माकोलमध्ये वायरच्या आकाराची नागमोडी चर पडलेली, गुळगुळीत, जणू गरम सुरीने कोरलेली, आणि वायरला पांढरे दाणे चिकटलेले. उष्णतेचा यात फारसा हात नाही. पीव्हीसीची वायर लवचीक रहावी म्हणून तिच्यात तेलकट रसायन घातलेलं असतं, ते हळूहळू बाहेर येतं आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन त्याने विरघळतं. नंतर तीच वायर कडक होते. त्यामुळे माळा आणि थर्माकोल कधीच अंगाला अंग लावून ठेवू नका, मध्ये साधा कागद असला तरी पुरे. मऊ प्लास्टिकची फुलं एकमेकांना चिकटतात त्यामागेही बऱ्याचदा हाच प्रकार, फक्त सावकाश.

बाकीचं पटापट

काचेचे गोळे फुटतात ते बहुतेक वरच्या वजनाने, म्हणून जड खाली आणि काच वर, प्रत्येक गोळ्याला वेगळा कप्पा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही कारण शाई उतरते, पांढरा साधा कागद घ्या. गोळ्याला वर जी धातूची टोपी असते ती धरून उचलू नका, टोपी हातात येते आणि गोळा खाली. रंगवलेली काच ओल्या फडक्याने पुसू नका. क्रेप पेपर पांढऱ्या कशाजवळही ठेवू नका, जरा दमट झालं की लाल रंग सोडतो आणि तो डाग जात नाही. घडीचे कागदी कंदील मूळ घडीवरच मिटवा, नवीन घडी पाडली की तिथे फाटणार. आतली तार गंजलेली असेल तर ती आधी काढून वेगळी ठेवा. मेणबत्त्या माळ्यावर नकोतच, पत्र्याखाली त्या मऊ होऊन वाकतात, घरातल्या कपाटात आडव्या ठेवा. गरम गोंदाने चिकटवलेल्या वस्तूंचंही तेच, माळा तापला की मणी आणि पानं आपोआप सुटतात. पारदर्शक खोकं खिडकीच्या उजेडात ठेवलं तर एका बाजूचा रंग उडतो. चमकी लावलेलं सगळं वेगळ्या पिशवीत, नाहीतर पुढची तीन वर्षं जेवणाच्या ताटापर्यंत चमकी येते. आणि माळ्यावर उंदीर असतील तर पुठ्ठा नाही, जाड प्लास्टिक किंवा पत्र्याची पेटी, कुरतडलेली वायर दिसली की ती माळ तिथेच बाद.

खोक्यावर नाव झाकणावर लिहू नका, एकावर एक ठेवली की झाकण दिसतच नाही, बाजूला लिहा. हुक, खिळे, एक्स्टेंशन आणि जादा बल्ब यांचं एक छोटं खोकं सगळ्यात पुढे, कारण पुढच्या वर्षी आधी तेच लागतं. याशिवाय मी झाकणाच्या आतून एक कागद चिकटवते आणि भरताना जे लक्षात आलं ते लगेच लिहिते, वर्षाने काहीही आठवत नाही. यंदाच्या कागदावर आहे: पांढरी माळ चांगली, हिरवीचा तिसरा भाग बंद, दुरुस्त करत बसू नकोस. तीन दिव्यांचे सेल काढलेत, नवीन आण, सहा लागतील. पिवळी झालर पूर्ण वाळली नव्हती, ती कपाटात आहे, इथे शोधू नकोस.